गल्लीतल्या कामासाठी पैसे कसे जमवायचे: पहिल्यांदाच पावतीपुस्तक हातात घेणाऱ्यांसाठी

गणपतीची वर्गणी मागायला मंडळाची पोरं येतात तेव्हा आपण दार उघडून विचारतो, मागच्या वर्षी किती दिले होते रे, ती मागचं पावतीपुस्तक चाळून आकडा सांगतात, आपण त्यात पन्नास वाढवतो आणि विषय संपतो. पण तुम्हाला जेव्हा गल्लीत अभ्यासिका काढायचीय, शाळेच्या पोरांना पाण्याचा कूलर बसवायचाय किंवा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या ऑपरेशनला पैसे जमवायचेत, तेव्हा अवघड जातं कारण तुमचं मागचं वर्षच नसतं. किती द्यायचे ते लोकांना माहीत नसतं आणि तुम्ही त्या पैशाचं काय करता तेही माहीत नसतं. खाली जे लिहिलंय ते सगळं या दोन प्रश्नांची उत्तरं आधीच तयार ठेवण्याबद्दल आहे. मी पुण्यात राहते, कोथरूडमध्ये, त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील, पण ठाणे-नाशिक-नागपूरलाही फार वेगळं नसावं.

आधी बघा, पैसे जमवायची गरज आहे का

हे सगळ्यात पहिलं, आणि हेच लोक सोडून देतात. फुटपाथ, बाक, दिवा, ड्रेनेजचं झाकण, बागेतली तुटलेली घसरगुंडी ही महापालिकेची कामं आहेत, त्यासाठी वर्गणी काढायची नाही. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून बजेटसाठी कामं सुचवून घेते, एका कामाला ५ लाखांपर्यंत, त्याचा फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. फक्त तो ठराविक दिवसांतच भरता येतो आणि ते दिवस कधी आले नि गेले कळत नाही म्हणून क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारून ठेवा. बाकीची कामं नगरसेवकाच्या मागे लागून करून घ्या. नगरसेवकाकडून काम घ्यावं, रोख देणगी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण रोख घेतलीत की फ्लेक्स लागतो, फ्लेक्सवर फोटो येतो आणि दुसऱ्या पक्षाची निम्मी गल्ली तुमच्याकडे पाठ फिरवते.

आजारपणासाठी पैसे हवे असतील तर ही पायरी अजिबात सोडू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसू शकतात. शिवाय महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्याच लागतात, हायकोर्टाने ठरवून दिलेली योजना आहे ती, आणि मोठमोठी चकचकीत हॉस्पिटलंसुद्धा यात येतात. हॉस्पिटलमधल्या समाजसेवा अधिकाऱ्याला गाठा, रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बरोबर न्या. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही करून टाका. हे करून जी रक्कम उरेल तेवढीच गल्लीत मागायची, म्हणजे ४ लाखांचं काम कधी कधी ६० हजारांवर येतं आणि ६० हजार गल्लीत जमतात.

मग काम लिहून काढा, पैशासकट

"मुलांच्या शिक्षणासाठी मदत" याला कोणी पैसे देत नाही, दिले तर ५१ रुपये देतात. पंख्याला देतात. म्हणून यादी करा. समजा महापालिकेच्या शाळेतली एक रिकामी खोली संध्याकाळी ६ ते १० अभ्यासिकेला वापरायला मिळतीये (ही परवानगी लेखी घ्या, हेडमास्तर तोंडी हो म्हणाले हे चालत नाही, त्यांची बदली होते). मग टेबलं ८, दर ३,५०० म्हणजे २८,०००. खुर्च्या २४, दर ७०० म्हणजे १६,८००. पंखे ३, दर २,२०० म्हणजे ६,६००. वायरिंग आणि ट्यूब ९,०००. बोर्ड, कुलूप, टेम्पो, हमाली १,६००. आणि वर्षभराची लाईट आणि झाडू-पुसणं महिन्याला २,५०० म्हणजे ३०,०००. एकूण ९२,०००. हे भाव मी अंदाजाने घेतलेत, तुम्ही फर्निचरवाल्याकडून कोटेशन घ्या, दोन ठिकाणची घ्या, आणि ती फाईलला लावा कारण कोणीतरी विचारतंच की एवढी महाग खुर्ची कशाला.

वर्षाचा चालू खर्च यादीत घालायला विसरू नका. टेबल-खुर्च्या हौसेने येतात, उद्घाटन होतं, नारळ फुटतो, आणि चौथ्या महिन्यात लाईटबिल कोणी भरायचं यावरून भांडणं सुरू होतात. अशा कितीतरी खोल्यांना पुण्यात कुलपं लागलेली दिसतील.

आता यादीची गंमत बघा, ९२ हजार हा आकडा ऐकून माणूस घाबरतो, पण एक खुर्ची ७०० ला, एक पंखा २,२०० ला, एक महिन्याचा खर्च २,५०० ला, हे घेता येतं. खुर्च्या, टेबलं, पंखे आणि १२ महिने मिळून ४७ वाटे होतात, म्हणजे ४७ घरं शोधायचीत, आणि वायरिंग-टेम्पोचे १०,६०० इतर मार्गाने काढायचे. ३०० दारं असलेल्या गल्लीत ४७ घरं मिळतात. यात नवीन काही नाही, अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत महाराष्ट्र पालथा घातला होता, त्या पैसा फंडातून तळेगावला १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला. एक पैसा मागितला की नाही म्हणणं अवघड असतं.

कागदपत्रं, कंटाळवाणी पण करायचीच

लोकांकडून सार्वजनिक कामासाठी पैसे गोळा करायचे आणि तुमची नोंदणीकृत संस्था नसेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची परवानगी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०, कलम ४१ क. गणपती मंडळं दरवर्षी हीच परवानगी काढतात, अर्ज ऑनलाइन होतो, समितीचा ठराव, सदस्यांची ओळखपत्रं, आधी कधी परवानगी घेतली असेल तर तेव्हाचा हिशोब असं सगळं लागतं. काम झाल्यावर हिशोब द्यावा लागतो. परवानगी न घेता गोळा करणं हा गुन्हा आहे, कोणी तक्रार करत नाही तोवर चालून जातं हे खरंय, पण गल्लीत तक्रार करणारा एक माणूस असतोच आणि त्याला तुम्हीही ओळखता.

याच्यापेक्षा सोपा रस्ता म्हणजे जवळच्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेला बरोबर घ्यायचं. जुनं वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ, ज्याचा ट्रस्ट नंबर आहे, ऑडिट दरवर्षी होतंय. पैसे थेट त्यांच्या खात्यात, पावती त्यांची, काम तुमचं. आधी मात्र त्यांच्या कमिटीचा लेखी ठराव करून घ्या की हा पैसा याच कामाला वापरला जाईल, नाहीतर तो त्यांच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला जाईल. संस्थेकडे ८०जी, म्हणजे देणगीवर टॅक्स सवलत देणारी इन्कम टॅक्सची मान्यता, असेल तर देणाऱ्याला टॅक्समध्ये सवलत मिळू शकते पण त्याचा फार गवगवा करू नका, नव्या टॅक्स रेजीममध्ये असलेल्यांना ती मिळत नाही आणि २,००० च्या वर रोख दिली तरी मिळत नाही. मोठी रक्कम देणाऱ्याला चेक किंवा ऑनलाइनच द्यायला सांगा.

अमेरिकेतल्या भाच्याचं काय, हा प्रश्न पुण्यात येतोच. भाच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर ते परदेशी देणगी धरत नाहीत. पण तो तिकडचा नागरिक झाला असेल, ओसीआय कार्डवाला, तर ती परदेशी देणगी, आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. नसेल तर नम्रपणे नको म्हणा. भाचा रागावणार नाही, त्याची आई रागावेल.

खातं आणि क्यूआर

स्वतःच्या सेव्हिंग खात्यात पैसे घेऊ नका. तुम्ही कितीही सज्जन असा, त्यातून तुमचं किराणा बिल गेलं, होम लोनचा हप्ता गेला की कोणते पैसे कुणाचे हे तुम्हालाच सांगता येत नाही. संस्थेचं खातं नसेल तर निदान दोघा-तिघांच्या नावाने नवीन जॉइंट खातं उघडा आणि पैसे काढायला दोघांच्या सह्या लागतील असं बँकेला लिहून द्या. क्यूआर स्कॅन केल्यावर जे नाव दिसतं ते नीट बघून घ्या, लोक तिथेच थबकतात. अभ्यासिकेला पैसे द्यायला गेलं आणि स्क्रीनवर कुणाच्या तरी ब्यूटी पार्लरचं नाव आलं तर मी पण नाही देणार.

यूपीआयने पैसे देणाऱ्यांना नोटमध्ये फ्लॅट नंबर टाकायला सांगा. नाहीतर महिनाअखेरीला स्टेटमेंट घेऊन बसल्यावर ५०० रुपये कुणाचे, ७०० कुणाचे शोधत राहाल, कारण खाती असतात मुलाच्या नावाने, पावती हवी असते आजोबांच्या नावाने.

पावतीपुस्तकं छापून घ्या, नंबर घातलेली, पावतीची स्थळप्रत पुस्तकातच राहील अशी. कोणतं पुस्तक कोणाकडे दिलं ते वहीत सहीनिशी लिहा. रोख जमली तर त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून मोजायची, दुसऱ्या दिवशी खात्यात भरायची. जमलेल्या रोखीतून परस्पर टेम्पोवाल्याला द्यायचं नाही, आधी भरा, मग काढून द्या, दोन फेऱ्या जास्त होतात पण हिशोब सरळ राहतो.

दारावर

व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकून पैसे जमत नाहीत. मेसेज लागतो, पण तो तुम्ही दारात जाणार आहात हे आधी कळावं म्हणून. असा काहीतरी लिहा: "नमस्कार. आपल्या मागच्या महापालिका शाळेत दहावी-बारावीच्या मुलांसाठी संध्याकाळी ६ ते १० अभ्यासिका सुरू करतोय. खोलीची लेखी परवानगी मिळालीये. एकूण खर्च ९२,००० रुपये, यादी सोबत जोडलीये. येत्या रविवारी सकाळी १० ते १२.३० आम्ही चौघी घरोघरी येतोय. पावती मिळेल. काही शंका असेल तर मला फोन करा." बास. हात जोडलेले इमोजी आणि सुविचार नकोत.

जायचं ते दोघांनी, एक ओळखीचा चेहरा आणि एक लिहिणारा. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांतला रविवार बरा, पगार झालेला असतो. गणपतीच्या आधीचा महिना टाळा, तेव्हा दार उघडायच्या आधीच माणूस वैतागलेला असतो. आणि पितृपक्षात शुभकार्याचं काही मागू नये असं वाटतं ना, उलट आहे. त्या पंधरवड्यात आई-वडिलांच्या नावाने बरेच लोक आवर्जून दान करतात, तसंच वर्षश्राद्ध, एकसष्टी, सहस्रचंद्रदर्शन, मुलाची मुंज. कुणाच्या घरी काय आहे हे गल्लीतल्या एखाद्या आजींना बरोबर माहीत असतं, त्यांना समितीत घ्या.

दारात बोलणं साधारण असं होतं:

"नमस्कार काकू, मी बी विंगमधली, तिसऱ्या मजल्यावरची. अभ्यासिकेचा मेसेज बघितला असेल तुम्ही."

"हो गं, बघितला. आत ये ना."

"नाही बसत काकू, अजून दहा घरं करायचीत. ही यादी बघा, लाल खुणा केल्यात त्या खुर्च्या झाल्या, एवढ्या राहिल्यात."

"सगळे किती देतायत?"

हा प्रश्न येतोच येतो, आणि इथे "तुम्हाला जमेल तेवढं द्या" असं कधीच म्हणायचं नाही, त्याने समोरचा माणूस अजून अडचणीत येतो. सांगायचं, "कुणी एक खुर्ची देतंय काकू, सातशेची. कुणी दोघी मिळून एक महिना घेतायत, अडीच हजार." आणि मग गप्प बसायचं. खरंच गप्प. आपल्याला अवघडल्यासारखं होतं आणि आपण घाईने म्हणून टाकतो की अहो शंभर दिले तरी चालेल, आणि शंभरच मिळतात. काकू आत बघतात, भिंतीवरच्या फोटोकडे बघतात आणि म्हणतात, "एक खुर्ची लिही आमची. ह्यांच्या नावाने लिही पावती."

पावती तिथेच फाडायची, नाव विचारून नीट लिहायचं, वेलांटी चुकली तरी लोकांना लागतं. पैसे नंतर देते म्हणाल्या तर पावती नंतर. नाही म्हणाले तर हसून "काही हरकत नाही" म्हणायचं आणि निघायचं, कोणी दिले नाहीत याची चर्चा जिन्यात करायची नाही, जिन्यात आवाज घुमतो. जबरदस्तीची वर्गणी ही खंडणी होते आणि त्याला पोलिस केस होते, आणि तसं झालं नाही तरी त्या घराचं दार कायमचं बंद होतं.

दुकानदारांकडे बोहनीच्या आधी जाऊ नका, साडेअकराच्या पुढे जा. त्यांच्याकडे रोज कोणी ना कोणी पावतीपुस्तक घेऊन उभं असतं म्हणून पैसे मागू नका, माल मागा. हार्डवेअरवाला वायर आणि स्विच खरेदीच्या भावात देतो, इलेक्ट्रिकवाला ट्यूब देतो, झेरॉक्सवाला महिन्याच्या शंभर कॉप्या देतो. त्याचीही पावती द्यायची, वस्तूरूपाने म्हणून. मग वायरिंगचे ९ हजार कधी ५ वर येतात.

उरलेले पैसे काढायचे मार्ग

रद्दी हा सगळ्यात बिनकटकटीचा. महिन्यातून एक रविवार ठरवा, पोरांना घरोघरी पाठवा, एकाच रद्दीवाल्याला सगळी द्या आणि भाव आदल्या दिवशी ठरवून घ्या, वजन तुमच्यासमोर. ज्यांना पैसे द्यायचे नसतात तेही रद्दी देतात आणि मग हळूहळू कामात ओढले जातात.

खाऊचे स्टॉल, कोजागरीला मसाला दूध, नवरात्रात भोंडला, यातून पैसे कमी मिळतात आणि दमणूक जास्त होते, पण लोक एकमेकांना ओळखायला लागतात, पहिल्या वर्षी तेवढ्यासाठी करा. नाटकाचा प्रयोग विकत घेऊन तिकिटं खपवायची ही आपल्याकडची जुनी पद्धत, चांगली आहे, पण नाटक कंपनीला ठरलेली रक्कम द्यायचीच असते, हॉलचं भाडं असतं, आणि तिकिटं उरली तर ती तुमच्या गळ्यात. निम्मी तिकिटं आगाऊ पैसे घेऊन खपल्याशिवाय तारीख घेऊ नका. लकी ड्रॉच्या भानगडीत मुळीच पडू नका, कूपनं विकून बक्षीस काढणं ही लॉटरी होते आणि तशी खासगी लॉटरी बेकायदेशीर आहे, कितीही लोक करत असले तरी.

मिलाप, केट्टो या ऑनलाइन साइट आजारपणाला उपयोगी पडतात कारण तिथे गल्लीबाहेरचे लोक देतात. गल्लीतल्या खुर्च्यांना त्यांचा उपयोग नाही, शेवटी लिंक उघडून पैसे देणारे तुमचेच नातेवाईक असतात. आजारपणासाठी टाकलंत तर पैसे थेट हॉस्पिटलच्या नावाने जातील अशी सोय बघा, पेशंटचा फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नका, आणि पैसे उरले किंवा पेशंट वाचला नाही तर काय करायचं हे सुरुवातीलाच घरच्यांशी बोलून लिहून ठेवा. ते बोलणं फार जड जातं, पण नंतर तेच बोलणं दहापट जड होतं.

हिशोब

काम झाल्यावर पंधरा दिवसांत हिशोब लावायचा. सोसायट्यांच्या नोटीस बोर्डवर, एका कागदावर: जमा किती, रोख किती, ऑनलाइन किती, वस्तूरूपाने काय, खर्च कशावर किती, शिल्लक किती, बिलं कोणाकडे बघायला मिळतील. व्हॉट्सअॅपवर पण टाका पण बोर्डवर लावाच, ग्रुपवरचं दोन तासांत वर जातं. देणाऱ्यांची नावं लावायची ती आडनावाच्या क्रमाने, रकमेशिवाय. यावर वाद होतो, मंडळांच्या फलकावर रकमा असतात आणि त्या बघून लोक चढाओढीने देतात हे मला माहितीये, पण ज्या बाईने घरकामाच्या पगारातून २०० दिले तिचं नाव यादीच्या तळाशी बघायची माझी तयारी नाही.

खर्च जास्त झाला असेल तर तोही लिहा, कारणासकट. आतल्या आत मिटवलेले आठशे रुपये सहा महिन्यांनी आठ हजार होऊन बाहेर येतात.

आणि देणाऱ्यांना एकदा तरी तिथे बोलवा. भाषणं नकोत, पाहुणे नकोत, संध्याकाळी साडेसातला पोरं अभ्यास करत असताना नुसतं दारातून बघून जा म्हणावं. पुढच्या वेळी तुम्ही त्यांच्या दारात जाल तेव्हा "मागच्या वर्षी किती दिले होते" हा प्रश्न तुम्हालाही येईल, आणि उत्तर तुमच्या पुस्तकात असेल.

शिल्लक राहिली तर ती पुढच्या वर्षाच्या लाईटबिलाला लावा, दुसऱ्या कामाला वापरायची असेल तर समितीची मीटिंग घेऊन ठराव करा आणि तोही बोर्डवर लावा. उरलेल्या कोऱ्या पावत्यांवर आडव्या रेघा मारून "रद्द" लिहा, सगळी पुस्तकं परत घेऊन वहीत जमा दाखवा, आणि स्थळप्रती, बिलं, कोटेशनं, बँक स्टेटमेंट एका फाईलमध्ये घालून ती फाईल खजिनदाराच्या घरी न ठेवता संस्थेच्या कपाटात ठेवा, खजिनदार घर बदलतात.